खुलं पत्र: हसायचं होतं मंत्र्यावर, मग चित्रात उघडी आम्ही काऊन?

प्रति,
संपादक मंडळ आणि मुखपृष्ठाचे चित्रकार भाऊ
(अंकाचं नाव लिहीत नाही, ज्यांचा आहे त्यांना कळेल)

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या यंदाच्या विनोदी दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाबद्दल मी आधी फोन केला होता, अंकाच्या आतल्या पानावर जो नंबर छापलाय त्याच्यावर. ज्यांनी उचलला ते चांगलेच बोलले, आवाज चढवला नाही, पण शेवटी म्हणाले, "ताई, ते व्यंगचित्र आहे, कापसाच्या प्रश्नावरच आहे, शेतकऱ्याच्या बाजूनंच आहे, खेड्यात जरा वेळ लागतो समजायला." अन् फोन ठेवला. ठीक आहे, वेळ लागतो तर वेळ घेऊन लिहिते, अन् सगळ्यांसमोर लिहिते, कारण एकटीचा फोन ठेवून देता येतो.

मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावात वाचनालय सांभाळते. ड वर्गाचं आहे, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं. अनुदान येतं, पण त्यातून पुस्तकं, पेपर, लाईट बिल काढलं की माझ्या हाती जे उरते त्यात घर चालत नाही, म्हणून सीझनमध्ये सकाळून कापूस वेचायला जाते अन् दुपारून येऊन वाचनालयाचं कुलूप उघडते. म्हणजे तुमच्या मुखपृष्ठावर जिचं चित्र काढलं ती मी, अन् तो अंक ज्या टेबलावर येऊन पडला ते टेबलही माझंच. एवढा संबंध पुरे आहे ना बोलायला?

ज्यांनी अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी चित्र सांगते. डाव्या बाजूला एक मोठी बोट किनाऱ्याला लागली आहे, तिच्यातून एक गोरी मॅडम उतरते आहे, अंगावर कापसाची चार बोंडं, बस तेवढीच, अन् तिच्या छातीवरून पट्टा गेलाय "विदेशी कापूस". खाली टोपीवाला मंत्री हार घेऊन उभा, जीभ बाहेर. उजव्या बाजूला वावर आहे, त्यात एक काळीसावळी बाई वाकलेली, ब्लाऊज फाटलेला, लुगडं मांडीपर्यंत खोचलेलं, तिच्यावर लिहिलंय "देशी कापूस". तिच्यामागे व्यापारी ओलावा मोजायचं मीटर घेऊन उभा आहे अन् म्हणतो आहे, "बघू, ओलावा किती!" ते मीटर कुठं रोखलंय ते मी लिहीत नाही. तुम्ही काढलंय, तुम्हाला माहीत आहे.

आता आमच्या बायांनी हे चित्र कसं पाहिलं ते ऐका, कारण तुमच्या ऑफिसात ते सांगणारं कोणी नसेल. शुक्रवारी संध्याकाळी बाया वाचनालयात येतात, ज्यांना वाचता येतं त्या वाचतात, बाकीच्या ऐकतात, थोड्या गप्पा होतात. अंक टेबलावरच होता. एकीनं उचलला, पाहिला अन् पहिला प्रश्न विचारला, "अवं, हिचा ओटा कुठी हाये? वेचलेला कापूस ठेवते कुठी हे, डोक्यात?" तेव्हा बाकीच्या पण येऊन वाकल्या. दुसरी म्हणे अंगात शर्ट नाही. शहरातल्या लोकांना माहीत नसेल म्हणून सांगते, आमच्याकडे वेचायला जाताना साडीवरून नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात, सगळी बटणं लावून, डोक्याला दुपट्टा गच्च बांधून, कारण उललेल्या बोंडाची टोकं वाळली की सुईसारखी होतात, बोटं तर फाटतातच, हात कोपरापर्यंत ओरबाडून निघतात, अन् सकाळी दहिवरात झाडं ओली असतात तर कपडे थेट अंगापर्यंत भिजतात. "असं उघडं जाऊन दाखव म्हणा त्या चित्रकाराले, दुपारपर्यंत सोलून निघते का नाही पाह्य." तिसरी म्हणे झाड गुडघ्याएवढं काऊन काढलं, पऱ्हाटी छातीला लागते, एवढं वाकाव लागत नाही कोणाले. चौथी म्हणे एका हातानं वेचते हे, दुसरा कंबरेवर ठेवून, हिले किलोमागं दहा रुपयानं पैसे देल्ले तं दिवसाची चहापत्ती निघणार नाही.

लय हसल्या बाया. तुमच्या अंकावर एवढं हसू आमच्या गावात आधी कधी आलं नव्हतं, ते मान्य करते.

एक जण मात्र हसली नाही. तिचा नवरा नाही, दोन एकर स्वतः करते, अन् आदल्याच आठवड्यात तिची गाडी खरेदी केंद्रावरून वापस आली होती, ओलावा जास्त निघाला म्हणून. भाडं गेलं, दिवस गेला, रांगेत उभं राहून पाय सुजले. तिनं त्या मीटरवाल्याकडं पाहिलं अन् मले विचारलं, "हे माह्यावर काढलं का?" मी काय सांगू साहेब? मी म्हटलं नाही बाई, सरकारवर काढलं. ती म्हणे, "सरकार कुठी हाये यात?"

माझी पहिली तक्रार तीच आहे. सरकार कुठे आहे त्या चित्रात? यंदा झालं काय ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल. 19 ऑगस्ट 2025 पासून केंद्रानं बाहेरच्या कापसावरची 11 टक्के आयात ड्यूटी काढली, आधी म्हणे 30 सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून 31 डिसेंबरपर्यंत केली, म्हणजे नेमका आमचा पहिला-दुसरा वेचा घरात येतो तेव्हाच. 2025-26 ला लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये, मध्यमचा 7,710, कागदावर. तो घ्यायचा तर आधी मोबाईलमध्ये ‘कपास किसान’ ॲप टाका, त्यात नोंदणी करा, सातबारा टाका, मग केंद्रावर या, मग मीटर लावतील, 8 टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव, त्याच्यावर गेला की कटती, अन् 12 च्या वर गेला की गाडी वळवा. अन् हे सगळं अशा वर्षात की पाऊस डोक्यावरून हटता हटत नव्हता. एवढं सगळं ताटात वाढून ठेवलेलं असताना तुमच्या चित्रकाराला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही? ॲपवर हसता आलं असतं. पावसात भिजलेल्या वावराला "8 टक्के" सांगणाऱ्या मीटरवर हसता आलं असतं. अन् शेतकऱ्याच्या नावानं भाषण ठोकून बोटीकडं पळणाऱ्यावर तर किती हसता आलं असतं! तुम्ही काढलं काय, तर लाळ गाळणारा मंत्री. साहेब, खरं सांगा, ते चित्र पाहून कोणत्या मंत्र्याला राग येईल? रसिक माणूस दाखवलाय त्याला. तो तर फ्रेम करून लावेल बैठकीत. ज्यांना लागलं त्या टेबलाभोवती उभ्या होत्या.

दुसरी गोष्ट. चित्रात माणसं मोजा. मंत्री आहे, त्याला चेहरा आहे, पोट आहे, टोपी आहे. व्यापारी आहे, त्याला चष्मा, अंगठ्या. लांब बांधावर कपाळाला हात लावून शेतकरीदादा बसला आहे, त्याच्या डोळ्यात पाणी पण काढलंय बिचाऱ्याच्या. हे तिघं माणसं आहेत. दोन्ही बाया मात्र माल आहेत, एक विदेशी माल, एक देशी माल. शेतकरी म्हटलं की पुरुष अन् पीक म्हटलं की बाई, हे कुठून आलं? वावरात येऊन पहा, पेरणीला बाया, निंदायला बाया, खत द्यायला बाया, वेचायला तर सगळ्या बायाच, फवारणीचं पाणी पण त्याच वाहून आणतात. सातबाऱ्यावर बहुतेकींचं नाव नाही, ॲपमध्ये नाही, तोलाच्या पावतीवर नाही, अन् शेवटी तुमच्या मुखपृष्ठावर जागा भेटली ती अशी. अन् तो रंगाचा हिशोबही आमच्या ध्यानात आला बरं का. गोरी ती मॅडम, तिला पाहून जीभ बाहेर येते पण हात लावायची कोणाची हिंमत नाही. काळी ती मजूर, तिला मीटर लावता येतं. ती कोणत्या वस्तीतली असते, तिची जात काय असते, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावं लागत नाही, तुमच्या चित्रकाराला तर नाहीच.

अन् आतल्या खिडक्या. त्याबद्दल थोडक्यात लिहिते कारण ते जुनं दुखणं आहे. वरच्या पानाला भोक, त्यातून बाईचं काहीतरी दिसल्यासारखं वाटते, पान उलटलं की खाली भोपळा नाहीतर टकलू माणूस निघतो. याची आयडिया हुशारीची आहे हे मी नाकारत नाही, कागदाला भोक पाडून वाचणाऱ्याच्याच मनाची चोरी पकडायची, त्यात खरी गंमत आहे. पण वर्षानुवर्षं प्रत्येक भोकातून एकच गोष्ट दाखवता राव! तीच खिडकी ठेवा अन् वरून दिसू द्या भूमिपूजनाचा नारळ, पान उलटलं की मागं तोच दगड, पाच वर्षांपासून तिथंच पडलेला, त्याच्यावर बसलेली शेळी. आमच्या गावात असा दगड आहे, पाहिजे तर फोटो पाठवते.

वाचनालयात याचं काय होते ते तुम्हाला पुण्या-मुंबईत बसून दिसणार नाही. दिवाळी अंकांचा संच आमच्याकडं विक्रेत्याकडून येतो, एकत्र घेतला की सूट भेटते, कोणता अंक पाहिजे कोणता नको असं ड वर्गाच्या वाचनालयाला विचारत कोण बसते. तुमचा अंक आला की टेबलावर पोट्टे जमा होतात, दहावी-बारावीचे, हसणं सुरू होते, त्यात वावगं असं काही नाही, वयच आहे ते. पण नेमक्या त्याच वेळेस बदलून पुस्तक न्यायला एखादी पोरगी येते, तिच्याच वर्गातली, ती दारातूनच परत फिरते. मग एक दिवस तिचा भाऊ येऊन पुस्तक जमा करतो अन् म्हणतो तिचं कार्ड बंद करा. घरच्यांना समजावून, त्यांच्या अंगणात जाऊन बसून, चहा पिऊन मी ज्या पोरी वाचनालयात आणल्या त्या अशा जातात. तुमच्या एका मुखपृष्ठानं गेल्या असं म्हणणार नाही, आमच्या घरांचाही त्यात वाटा आहे, भावांचा तर मोठाच आहे. पण त्या भावाच्या हातात कारण तुम्ही दिलं.

आता "खेड्यात समजायला वेळ लागतो" याचं पाहू.

पोळा यंदा 22 ऑगस्टला होता, म्हणजे ड्यूटी काढल्यावर अवघे तीन दिवस झाले होते. विदर्भात पोळ्याला झडत्या म्हणतात, तोरणाखाली बैल उभे केले की एकेक जण पुढं येऊन चालू घडामोडीवर ओळी जोडतो अन् सगळा गाव हरहर महादेव करतो. आमच्या गावात त्या दिवशी एका सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावर शेतात राबणाऱ्या, भाऊनं म्हटलेली ही:

बोटीनं आला कापूस, त्याले नाही कर,
आमच्या गाडीले नाक्यावर म्हणे थांब घडीभर,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

सातवी नापास माणूस आहे तो. तुमच्या अंकाला छपाईला जायला त्याच्यानंतर किती तरी दिवस होते, आर्ट पेपर होता, चार रंग होते, तरी त्याच्या दोन ओळींची बरोबरी झाली नाही. त्याच्या झडतीत सरपंच पण बसला होता ऐकायला, आमदारांचा माणूस पण होता, दोघांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे वाईटाला गावाबाहेर हाकलायची पुतळ्याची मिरवणूक, तिच्यासोबत बडगे, म्हणजे पुतळे, त्यात भ्रष्टाचारापासून महागाईपर्यंत अन् गल्लीतल्या नेत्यापासून परदेशातल्या अध्यक्षापर्यंत कोणालाही सोडत नाहीत. गाडगेबाबा याच वऱ्हाडातले, त्यांच्या कीर्तनात समोर बसलेल्यालाच प्रश्न विचारून त्याचीच फजिती त्याच्याच तोंडून काढायचे, अन् लोक हसता हसता घरी जाऊन बोकड कापायचं बंद करायचे. आम्हाला टोमणा समजत नाही असं म्हणू नका बाप्पा, आमचं अर्धं बोलणंच टोमण्यात असते.

आमच्याकडं सगळं सोवळं आहे असंही सांगत नाही. काळी मारबत एका बाईच्या, भोसल्यांच्या बांकाबाईच्या निषेधाची म्हणून सांगतात, अन् तिला शिव्या देताना पोट्टे कुठल्या कुठं जातात ते नागपूरकरांना ठाऊक आहे. खडी गंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या तमाशासारख्या खेळात, नाच्याच्या तोंडी जे येते ते मी इथं लिहू शकत नाही. तिथंही माझं भांडण आहेच, तिथंही मी करते. पण मारबतीचा बडगा कसा का असेना, मंत्र्याचा बडगा मंत्र्यासारखा दिसतो, त्याला मारायचं म्हणून बायकोचं लुगडं फेडत नाहीत.

अन् हे पत्र लिहिणारी मी काही पहिली नाही. आमच्याच विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. 1881 ला सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचा खटला झाला, त्यावरून पेपरवाल्यांनी सगळ्याच बायांना झोडपायला घेतलं, तर या बाईनं 1882 ला ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुण्यात छापून आणलं. ज्यांनी वाचलं त्यांना माहीत आहे की त्यात रडगाणं नाही, त्यात पुरुषांची अशी हजेरी घेतली आहे की आजही वाचताना माणूस आधी हसतो अन् मग इकडं तिकडं पाहतो कोणी पाहते तर नाही. म्हणजे बोचरं लिहायचं, नाव ठेवायचं, वाभाडे काढायचे, हे सगळं बाईला चालतं अन् जमतं. अन् हसवायला बाईचं शरीरच लागते असंही नाही. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस, ‘हंस’ अन् ‘मोहिनी’ची त्यांची मुखपृष्ठं आठवा, त्यात बाया आहेतच, छान छान साड्यांतल्या, रंगीत, पण गंमत असते ती चित्रातल्या कल्पनेची. एक शब्द न लिहिता हसवायचं. ती मुखपृष्ठं आमच्या वाचनालयात कोणी उलटी करून ठेवल्याचं मला आठवत नाही.

मला माहीत आहे, हे वाचून काही जण म्हणतील आली संस्कृतीवाली. तर ते आधीच मिटवते. उघड्या अंगाशी माझं भांडण नाही. गडचिरोलीतल्या मार्कंड्याला महाशिवरात्रीला केवढी जत्रा भरते, त्याला विदर्भाचं खजुराहोच म्हणतात, तिथल्या भिंतींवर काय काय कोरलंय ते आमच्या आज्या लेकरांना कडेवर घेऊन पाहत आल्या, कोणी डोळे झाकले नाहीत. त्या दगडातल्या बायांना स्वतःचं काम आहे, कोणी आरसा पाहते, कोणी नाचते, कोणी प्रेमात आहे, मनानं आहे. तुमच्या चित्रातली बाई मागं मीटर घेऊन उभ्या माणसाला पाहतच नाही, ती खाली पाहून वेचते आहे. घाण मला ते वाटलं, ब्लाऊज फाटलेला आहे ते नाही.

अन् कायद्याचं म्हणाल तर आहे कायदा. बायांचं असभ्य चित्रण रोखणारा, 1986 चा. बाईचं शरीर तिला कमी लेखणाऱ्या पद्धतीनं छापलं तर पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद अन् दोन हजारांपर्यंत दंड. आमच्या गावातल्या एका वकील झालेल्या पोरानं सांगितलं की मावशी, टाकूनच देऊ तक्रार. मी नाही म्हटलं. काय हसण्यासारखं अन् काय नाही हे ठाणेदारानं ठरवावं अशी माझी बिलकुल इच्छा नाही, कारण तो उद्या त्या सालदाराच्या झडतीवर पण ठरवेल, अन् तिथं त्याला वरून फोन पण येईल. एका मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, 1969 मध्ये ते निर्दोष सुटले, पण तोवर वर्षं गेली ना त्या माणसाची. ते मला कोणासाठी नको, तुमच्यासाठी पण नको. अंक जाळणारे, ऑफिसात घुसून शाई फेकणारे जे लोक असतात त्यांनी या पत्राचा झेंडा करू नये, त्यांना बायांबद्दल किती कळवळा आहे ते आम्ही घरात पाहतो.

तर मग पाहिजे काय? लिहिते.

माफी नको. "कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास" वाली तर मुळीच नको, ती प्रत्येक जण छापतो. त्याऐवजी हे पत्र पुढच्या अंकात छापा, काटछाट न करता, अन् त्याच्याखाली तुमचं उत्तर छापा. तुम्हाला माझं म्हणणं चूक वाटत असेल तर तसं लिहा, मी वाचीन, बायांना वाचून दाखवीन.

मुखपृष्ठ मंजूर करायच्या आधी मंडळात एक जण तरी असा ठेवा जो विचारेल की यातली बाई काढून टाकली तर जोक उरतो का. उरत असेल तर काढून टाका, नसेल उरत तर तो जोक तुम्ही सांगता तसा मंत्र्यावर नव्हताच. तो एक जण बाई असली तर बरं, पण नुसती नावापुरती नको, संपादकीय मंडळाच्या यादीत शेवटी "सहकार्य" म्हणून जिचं नाव असते तशी. तिला नाही म्हणायचा अधिकार पाहिजे.

व्यंगचित्रं काढणाऱ्या पोरी आहेत, मोबाईलवर रोज काढून टाकतात, आमच्या यवतमाळ-अमरावतीच्या पण आहेत. त्यांना पानं द्या अन् मानधन द्या, जेवढं बाकीच्यांना देता तेवढंच. त्या नवऱ्यांवर काढतील, सासवांवर काढतील, आमच्यावर पण काढतील, वाचनालयवाल्या मावशीवर काढलं तरी चालेल, मी भिंतीवर लावीन.

बायको, वहिनी, नर्स, मास्तरीण, कामवाली, या पाच जणींना एक वर्ष सुट्टी द्या. एकच वर्ष. पाहू तरी अंकात किती पानं उरतात.

अन् चित्रकार भाऊ, तुम्हाला वेगळं सांगते कारण तुमचा हात चांगला आहे, ती बोट काय सुंदर काढली तुम्ही, पाण्यावरचा उजेड पण बरोबर पकडला. वावर काढायचं असेल तर वावरात या. डिसेंबरात अजून वेचा चालू असतो. जुना शर्ट आमच्याकडं भेटेल, ओटा आम्ही बांधून देऊ, दिवसभर वेचा, संध्याकाळी बांधावर काट्याला लटकवून तोलून देऊ अन् किलोप्रमाणे रोख पैसे पण देऊ, सगळ्यांना देतात तेच. त्याच्यानंतर तुम्हाला जे हसण्यासारखं दिसेल ते काढा. मालकावर काढा, आमच्यावर काढा, मीटरवर काढा. आमची ना नाही.

शेवटची मागणी ही व्यवहाराची आहे. वाचनालयांना संचातून अंक निवडायची मुभा द्या, म्हणजे विक्रेत्याला तसं सांगा, तुमच्या शब्दाला तिथं वजन आहे. तुमच्या अंकाला जे पैसे जातात ते सरकारी अनुदानातून अन् गावातल्या वर्गणीतून जातात, त्या वर्गणीत ज्या बाईची गाडी वापस आली तिचे पण वीस रुपये आहेत.

यंदाचा अंक मी काढून टाकला नाही, फाडला नाही, रजिस्टरला नोंद करून कपाटात ठेवला आहे, कोणी मागितला तर देते. पुढच्या संचाचे पैसे आम्ही पोळ्याच्या सुमारास भरतो. त्याच्या आत तुमचं उत्तर आलं तर आमच्या कार्यकारिणीपुढं ठेवता येईल, नाही आलं तर तुमचा अंक संचात घ्यायचा की नाही यावर बायांचं मत घेतलं जाईल, अन् ते मत त्या शुक्रवारीच देऊन बसल्या आहेत, फक्त ठराव व्हायचा आहे.

आपली,
वाचनालयवाली मावशी
राळेगाव तालुका, जि. यवतमाळ
नोव्हेंबर 2025